उलटतपास नाही

सायकलवाल्याच्या थोरल्या बहिणीला घरात सगळे तोफ म्हणायचे. नाव ठेवलं होतं सायकलवाल्यानेच, शाळेत असताना, आणि ते तिला असं काही चिकटलं की पुढे कचेरीतले शिपाईसुद्धा तिच्या माघारी तोफच म्हणू लागले. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती तक्रारीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर लोक तिच्या अंगावर यायचे आणि ती त्यांच्या. "आमच्या नळाला थेंब नाही," म्हणत कुणी तणतणत आलं की ती आधी विचारायची, "कधीपासून? शेजाऱ्यांकडे येतंय का? वरची तोटी उघडून बघितलीत?" निम्मे लोक तिथेच घसा खाकरून परत फिरायचे.

धाकटा भाऊ मात्र तिचा जीव की प्राण होता. बाजाराच्या गल्लीत त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एका संध्याकाळी तो घरी आला नाही, फोन उचलेना, म्हणून त्याची बायको बघायला गेली, तर शटर अर्धं खाली आणि आत तो पालथा पडलेला. कुणीतरी त्याच्या डोक्यात मोठा पाना घातला होता.

आठवडा उलटला आणि पोलिसांनी आरोपी पकडल्याचं जाहीर केलं. तो होता रंगारी. गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा, विशी नुकती ओलांडलेला, आणि नेमका त्याच आठवड्यात सायकलवाल्याची पाटी रंगवत असलेला. त्याने गुन्हा कबूल केला, गटारातून पानाही काढून दिला, असं इन्स्पेक्टरने पत्रकारांना सांगितलं. मग काय विचारता! सगळी गल्ली रस्त्यावर उतरली. मोर्चात तोफ सगळ्यांच्या पुढे होती. "फाशी द्या, फाशी द्या," ओरडून तिचा घसा असा बसला की कितीतरी दिवस सुटला नाही. शहरातल्या वकिलांच्या संघटनेने ठराव केला की या आरोपीचं वकीलपत्र कुणीही घेणार नाही, तेव्हा तिने कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं राहून टाळ्या वाजवल्या. असल्या माणसाला वकील कशाला? माझ्या भावाला मारताना यानं त्याला वकील दिला होता का? हे ती येईल त्याला विचारायची आणि येईल तो मान डोलवायचा.

खटला उभा राहिला तेव्हा तिने रजा टाकली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. तिला त्याचा चेहरा बघायचा होता. चेहरा कसला, हाडांचा सापळा. आरोपीच्या पिंजऱ्यात तो मान खाली घालून उभा होता आणि इकडे काय चाललंय यातलं त्याला काही कळत असेल असं वाटत नव्हतं. कोर्टाने त्याला एक वकील नेमून दिला होता, कारण कुणीच नसलं तर खटला चालवता येत नाही म्हणे. हा नेमलेला वकील त्याच्यापासून चांगला दोन हात लांब खुर्ची सरकवून बसला होता, शिंतोडे उडू नयेत अशा बेताने.

पहिला साक्षीदार औषधवाला. त्याचं औषधांचं दुकान सायकलवाल्याच्या बरोबर समोर. सरकारी वकिलांनी विचारलं आणि त्याने घडाघडा सांगितलं, "रात्री आठचा सुमार होता. मी दुकानात गिऱ्हाईक करत होतो. समोरून हा रंगारी घाईघाईने बाहेर पडला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. माझ्याकडे बघून दचकला आणि पळाला."

तोफ ऐकत होती आणि ऐकता ऐकता तिला आठवलं. हाच औषधवाला दुसऱ्या दिवशी घरी आला होता. भावाला अजून स्मशानात न्यायचं होतं. तिच्याजवळ बसून हा रडला होता. "ताई, माझंच नशीब फुटकं. त्या दिवशी ब्लडप्रेशर वाढलं म्हणून दिवेलागणीलाच शटर ओढून घरी गेलो. नाहीतर निदान ओरडणं तरी ऐकलं असतं." तिने त्याला पाणी दिलं होतं, पाठीवरून हात फिरवला होता. मग आठ वाजता हा दुकानात कसा? आता विचारतील, ती मनात म्हणाली. आता कुणीतरी विचारेल.

न्यायाधीशांनी नेमलेल्या वकिलाकडे बघितलं. तो खुर्चीतून अर्धवट उठला, म्हणाला, "उलटतपास नाही," आणि बसला.

दुसरा साक्षीदार पाना सापडला तेव्हा हजर असलेला पंच. त्याला पाना कुठल्या गटारातून काढला हेच धड सांगता येईना. आधी बाजाराच्या मागचं म्हणाला, मग पुलाजवळचं. नेमलेला वकील उठला. "उलटतपास नाही." तिसऱ्याच्या वेळी तर तो उठलासुद्धा नाही, बसल्या जागेवरून पुटपुटला. टंकलेखकाला आता पाठ झालं होतं. वकिलाने तोंड उघडायच्या आधीच त्याची बोटं चालायची.

तोफेची कानशिलं तापली. तिच्या खिडकीवर पाण्याच्या एका बादलीसाठी ती माणसाला सात प्रश्न विचारायची. इथे तिच्या भावाचा खून, एका जिवंत माणसाची मान, आणि विचारायला कुणी नाही? ती उठून उभी राहिली. दारातल्या शिपायाने खूण केली, "बसा." ती बसली.

सुट्टी होताच तिने सरकारी वकिलांना व्हरांड्यात गाठलं.

"साहेब, औषधवाला खोटं बोलतोय. तो त्या दिवशी लवकर घरी गेला होता. त्यानेच मला सांगितलंय."

सरकारी वकिलांनी तिला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ केला. "बाई, तुम्ही दुःखात आहात, मी समजू शकतो. पण तो आपल्या बाजूचा साक्षीदार आहे. चांगली साक्ष झाली. उगाच आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेता? त्याला शिक्षा व्हायला हवी ना तुम्हाला?"

"ज्यानं मारलं त्याला व्हायला हवी."

"मग तोच तर आहे."

"कशावरून? औषधवाल्याने बघितलं म्हणून? त्यानं बघितलंच नाही!"

"त्याने स्वतः कबूल केलंय, बाई." आणि घड्याळ बघत ते निघून गेले.

नेमलेला वकील कँटीनमध्ये कोपऱ्यात चहा पीत होता. तोफ समोरची खुर्ची ओढून बसली तसा तो एवढासा झाला. त्याला वाटलं, बाई मारायलाच आली.

"तुम्ही एक तरी प्रश्न का नाही विचारला?"

त्याला आधी कळेचना की ही कुणाच्या बाजूने बोलतेय. मग तो चिडला. चिडणारच, कारण बिचाऱ्याला कधीपासून कुणावर तरी चिडायचं होतं. "बाई, मला हे काम गळ्यात मारलंय. संघटनेतले लोक माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या गाडीची काच कुणीतरी फोडली. मी चांगला लढलो तर लोक माझं घर जाळतील, आणि त्यात पुढे कोण असेल? तुम्ही! पायऱ्यांवर टाळ्या कोण वाजवत होतं, मी वाजवत होतो?"

तोफेने विचारलं, "त्याला भेटलात तरी का? तुरुंगात जाऊन?"

"वेळ कुठे आहे?"

"म्हणजे त्याचं काय म्हणणं आहे, हे तुम्हालाच माहीत नाही?"

त्याने चहाचा कप पुढे ओढला. तोफेने तो कप उचलला आणि टेबलावर इतक्या जोरात आपटला की चहा त्याच्या कागदांवर सांडला. "बस इथेच," ती म्हणाली आणि निघाली. तिला भयंकर राग आला होता आणि तो नेमका कुणाचा आहे हे तिला सांगता आलं नसतं. औषधवाल्याचा, या मरतुकड्या वकिलाचा, स्वतःच्या टाळ्यांचा. आणि रंगाऱ्याचासुद्धा. तोच खुनी असला तर? या लोकांनी तेही धड सिद्ध केलं नव्हतं.

जिन्यात एका बाईने तिची वाट अडवली. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी, सुजलेल्या बोटांची बाई. रंगाऱ्याची आई. मोर्चाच्या दिवशी लोकांनी हिच्या दारावर दगड मारले होते.

"ताई, शिव्या द्या, मारा, पण एकदा ऐका. त्या रात्री माझा मुलगा माझ्याबरोबर वसतिगृहात होता. मोठी भांडी उचलायला मी त्याला बोलावते. दुसऱ्याच दिवशी पोलीस त्याला घेऊन गेले. कुठे नेला सांगेनात. मी चौकीवर रोज जायचे, म्हणायचे, इथे नाही. आठवड्यानं टीव्हीवर दाखवला, आज पकडला म्हणून. त्याची बोटं बघा तुम्ही. ब्रश धरता येत नाही त्याला आता."

"आई खोटं बोलणारच," तोफ म्हणाली.

"मग मला विचारा की कुणीतरी!" ती बाई एकदम ओरडली. "वसतिगृहात विचारा! खोटं असेल तर पकडा मला! विचारायलासुद्धा कुणी आलं नाही!"

तोफ तरातरा खाली उतरली. पण त्या रात्री तिने ठरवलं.

वकील शोधणं म्हणजे काय दिव्य असतं हे तिला पुढच्या काही दिवसांत कळलं. मयताची बहीण आरोपीसाठी वकील शोधतेय, हे ऐकून लोकांना वाटायचं की यात काहीतरी डाव आहे. एकाने तिला पाणी पाजून डोक्यावर परिणाम झालाय का, असं गोड शब्दांत विचारलं. दुसऱ्याने ठरावाचा कागद दाखवला. तिसऱ्याच्या बायकोने दारातूनच घालवलं. शेवटी तिला आठवली ती घरमालकाची वकील.

काही वर्षांपूर्वी भाड्याच्या घरावरून तोफेचा घरमालकाशी खटला झाला होता. तेव्हा त्याच्या वकीलबाईंनी तिला साक्षीच्या पिंजऱ्यात असं काही सोलून काढलं होतं की दरवाजा कुणी तोडला, कधी तोडला, कशाने तोडला, हे सांगता सांगता तोफेला घाम फुटला आणि शेवटी तो आपणच तोडला हे कबूल करावं लागलं. घरी येऊन ती ढसाढसा रडली होती. त्या बाईला तिने मनातल्या मनात दिल्या नाहीत अशा शिव्या नव्हत्या.

वकीलबाईंची कचेरी एका छापखान्याच्या वर होती. मशिनच्या धडधडीने टेबल हलायचं. त्यांनी तोफेला लगेच ओळखलं.

"दरवाजावाल्या बाई ना?"

"हो. माझी जशी केलीत तशी एका माणसाची उलटतपासणी करायचीय."

सगळं ऐकून घेतल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "मी फौजदारी कामं करत नाही. संघटनेचं मला काही वाटत नाही, त्यांच्यातले निम्मे लोक माझ्याकडून हरलेत. पण एक नीट ऐका. मी वकीलपत्र घेतलं की मी त्याची. तुमची नाही. तो मला काय सांगेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्यासाठी लागलं तर तुमच्या भावाबद्दल वाईटसाईट काढीन. तुम्ही मला शिव्या द्याल."

"देईन. भरपूर देईन."

"आणि खून त्यानेच केलेला असला तर? आणि माझ्यामुळे सुटला तर?"

तोफेने टेबलावर मूठ आपटली. "मग तुमचं आणि माझं वाटोळं होईल! पण आत्ता मला काय माहीत आहे? काहीच नाही! माझा भाऊ कसा मेला हे मला कुणी सांगत नाहीये, सगळे मला फक्त गप्प बसवायला एक पोरगा देतायत."

वकीलबाईंनी मग तिला साध्या शब्दांत सांगितलं. माणूस पकडला की का पकडला ते त्याला सांगावं लागतं. घरच्यांना कळवावं लागतं. एका दिवसाच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. पहिल्यापासून वकील मिळाला पाहिजे. चौकीत मारून काढलेला जबाब ग्राह्य धरत नाहीत. आणि गुन्हा त्याने केला हे सरकारने सिद्ध करायचं असतं, केला नाही हे त्याने नव्हे.

"हे सगळं लिहिलेलं आहे?"

"आहे."

"आणि याच्या वेळी सगळेच विसरले?"

"विसरले कुठे? मोर्चे निघाले की कुणाला आठवण करून द्यायची हिंमत होत नाही."

ही बाई अजूनही तशीच सोलत होती.

घरी हे कळायला वेळ लागला नाही. भावजय तिच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. "ताई, तुम्ही त्याच्या बहीण की वैरीण? माझ्या मुलीला मी काय सांगू? तुझ्या बापाला मारणाऱ्याला तुझ्या आत्यानं वकील दिला?"

"अगं, त्यानं मारलं हे कुणी बघितलेलं नाही. औषधवाला खोटं..."

"मला नाही माहीत करून घ्यायचं! कुणीतरी आत आहे म्हणून मला झोप लागते. तेवढीही तुम्हाला बघवत नाही?" आणि ती गेली. त्यानंतर भावजयीने तिच्याशी बोलणं टाकलं. गल्लीत लोक तोंड फिरवायचे. कचेरीच्या खिडकीवर कुणीतरी काळ्या रंगाने घाणेरडा शब्द लिहिला. तोफेने तो पुसला नाही. लिहिणाऱ्यालाच पाणी मागायला इथे यावं लागेल, एवढंच म्हणाली.

वकीलबाई तुरुंगात गेल्या तेव्हा रंगाऱ्याने आधी वकीलपत्रावर सही करायलाच नकार दिला. त्याला वाटलं, हाही एक कबुलीजबाबच आहे. सगळं वाचून दाखवल्यावर त्याने सही केली, कशीबशी, ब्रश धरता न येणाऱ्या बोटांनी. झालेल्या साक्षीदारांना पुन्हा बोलवावं असा अर्ज वकीलबाईंनी दिला. सरकारी वकिलांनी कडाडून विरोध केला, वेळेचा अपव्यय म्हणाले. न्यायाधीशांनी जुनी पानं उलटून बघितली. प्रत्येक साक्षीखाली एकच ओळ होती. त्यांनी चष्मा काढला, नेमलेल्या वकिलाकडे बघितलं आणि अर्ज मंजूर केला.

औषधवाला पुन्हा पिंजऱ्यात आला तेव्हा कोर्टात मुंगी शिरायला जागा नव्हती.

"तुम्हाला ब्लडप्रेशरचा त्रास आहे?" वकीलबाईंनी अगदी सहज विचारलं.

"आहे."

"त्या दिवशी झाला होता?"

"आठवत नाही."

"दुसऱ्या दिवशी तुम्ही मयताच्या घरी गेलात. त्याच्या बहिणीजवळ बसून रडलात. तिला काय म्हणालात?"

औषधवाल्याची नजर पहिल्या बाकावर गेली. तोफ त्याच्याकडे बघत होती. पापणीही हलवत नव्हती.

"बोला. दुकान किती वाजता बंद केलंत?"

"लवकर," तो म्हणाला. ऐकू आलं नाही. न्यायाधीशांनी मोठ्याने बोलायला सांगितलं.

"लवकर बंद केलं. दिवेलागणीला."

"मग आठ वाजता आरोपीला कुठून बघितलंत?"

त्याने कठडा धरला. "इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, माणूस हाच आहे, त्यानं कबूल केलंय, फक्त बघणारा कुणीतरी हवा. तुमचं दुकान समोर आहे. मला वाटलं, सायकलवाल्यासाठी एवढं तरी करावं. सगळी गल्लीच म्हणत होती ना, हाच आहे म्हणून..."

तोफेच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने. सायकलवाल्यासाठी! कुणाला तरी फासावर चढवून हा तिच्या भावावर उपकार करायला निघाला होता.

मग इन्स्पेक्टर. तो ताठ उभा राहिला. आरोपीला कधी पकडलं याची कागदावरची, खुनानंतर आठवड्याची तारीख त्याने सांगितली. वसतिगृहाच्या रखवालदाराने वकीलबाईंना आधीच सांगितलं होतं की खुनाच्या रात्री रंगारी आईबरोबर भांडी उचलत होता आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला फाटकातूनच उचलला. तुरुंगात घेताना डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं: उजव्या हाताची तीन बोटं मोडलेली, जखम काही दिवस जुनी.

"मधले दिवस तो कुठे होता?" वकीलबाईंनी विचारलं.

"आमच्या ताब्यात नव्हता."

"मग बोटं कुठे मोडली?"

"पडला असेल."

कोर्टात कुणीतरी हसलं. वकीलबाई हसल्या नाहीत. "याच्याशिवाय आणखी कुणाची चौकशी केलीत?"

"गरज वाटली नाही."

"मयताच्या दुकानाच्या माळ्यावर तुम्हाला नंबर खरवडलेल्या सायकली सापडल्या. चोरीच्या. त्या कोण आणून देत होतं, याचा तपास केलात?"

तोफ ताडकन उभी राहिली. "खोटं आहे! माझा भाऊ चोर नव्हता! मेलेल्या माणसावर चिखल उडवायला लाज नाही वाटत?"

"बाई, बसा," न्यायाधीश म्हणाले.

"नाही बसणार! मी हिला आणलं आणि ही माझ्याच भावाला..."

शिपायाने तिला बाहेर काढलं. दार बंद झालं. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला रंगाऱ्याची आई होती. तिला साक्षीला बोलावणार होते, म्हणून आत सोडत नव्हते. तिने पाण्याची बाटली पुढे केली. तोफेने ती घेतली नाही.

"मला तुमचा पुळका आलेला नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे," आई म्हणाली आणि बाटली दोघींच्या मध्ये ठेवून दिली.

आतलं काही ऐकू येत नव्हतं. तोफ भिंतीकडे बघत होती आणि तिला एक दुपार दिसत होती. ती दुकानात गेली होती तेव्हा भाऊ एका सायकलच्या सांगाड्यावर कानस घासत होता. काय रे हे, तिने विचारलं होतं. जुना रंग काढतोय, तो म्हणाला होता, तिच्याकडे न बघता. सगळ्या शहराला सात सात प्रश्न विचारणाऱ्या तोफेने त्याला दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

निकाल लागला. जबाब ग्राह्य नाही, साक्षीदार खोटा, पाना कुठून आला ठाऊक नाही, आरोपी निर्दोष. न्यायाधीशांनी वाचता वाचता मान वर करून एवढंच जोडलं, "आरोपीच्या शेजारी एक खुर्ची भरणं म्हणजे त्याला वकील देणं नव्हे. हे या न्यायालयाच्याही लक्षात आधीच यायला हवं होतं." नेमलेला वकील त्या दिवशी आलाच नव्हता.

बाहेर लोक ओरडत होते. भावजय पायरीवर बसून कपाळ बडवत होती. रंगारी आईच्या खांद्याला धरून निघाला, तोफेच्या अगदी जवळून गेला आणि त्याने तिच्याकडे बघितलं नाही. का बघावं? आई मात्र वाकायला लागली, तशी तोफ कडाडली, "माझ्या पाया पडू नका! तुमच्यासाठी नाही केलं मी. माझ्या भावाला मारणारा या घडीला कुठेतरी जेवत बसला असेल."

दुसऱ्या दिवशी ती चौकीवर गेली. इन्स्पेक्टर अजून त्याच खुर्चीत होता.

"आम्ही पकडला होता," तो म्हणाला. "तुम्ही सोडवलात. आता आमच्याकडे काय मागता?"

"मी मारणारा मागितला होता," तोफ म्हणाली. "तुम्ही हाताशी सापडला तो दिलात. आठवडाभर त्याची बोटं मोडत बसलात, तेवढ्यात खरा माणूस शहर सोडून गेला नसेल कशावरून?"

त्याने तिला बाहेर काढायला लावलं. ती पुन्हा गेली. रोज कचेरी सुटली की जायची, बाकावर बसायची आणि मोठ्याने विचारत राहायची. शिपाई कंटाळले. वकीलबाईंशी तिने अबोला धरला होता, तरी नव्या तपासाचा अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घेतला. दोघी एका खोलीत बसल्या, एकमेकींशी एक शब्द जास्त न बोलता. शेवटी इन्स्पेक्टरची बदली झाली, बोटांची चौकशी त्याच्या मागे लागली आणि नव्या इन्स्पेक्टरबाईंनी कागद मागवले.

त्यांनी घरच्यांना बोलावलं त्या दिवशी भावजयही आली. तोफेपासून एक खुर्ची सोडून बसली.

"तुमच्या भावाच्या दुकानात चोरीच्या सायकली येत होत्या," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," असं तोफेच्या ओठांवर आलं. पुढे काय प्रश्न येईल तेही तिला दिसलं. तिने जीभ चावली.

"संशय होता," ती म्हणाली. "विचारलं नाही मी. लिहा, तसंच लिहा."

"कोण आणून देत होतं?"

तोफेला ते ठाऊक नव्हतं. मग भावजयीने मान वर केली. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "एक माणूस यायचा. शेवटच्या आठवड्यात दोघांचं भांडण झालं होतं. मी कधी सांगितलं नाही, कारण आधीच्या साहेबांनी मला विचारलंच नाही. आणि विचारू नये असंच मला वाटत होतं." एवढं बोलून ती रडायला लागली. तोफेने मधल्या खुर्चीवर हात ठेवला, पण भावजयीने तो धरला नाही.

इन्स्पेक्टरबाईंनी नाव लिहून घेतलं आणि शिपायाला गाडी काढायला सांगितली. तोफ उठून दारापर्यंत गेली आणि वळली. राग अजून उतरला नव्हता. तो आता उतरेल असं तिला वाटतही नव्हतं.

"पकडाल त्याला," ती म्हणाली. "पण पकडलात की त्याच दिवशी वकील द्या. चांगला द्या, भांडणारा. हातपाय धड ठेवा त्याचे. मला तो शिक्षा होऊन आत गेलेला बघायचाय. तुमच्या गाढवपणामुळे हाही सुटला आणि पुन्हा मला वकिलांच्या दारोदार फिरावं लागलं, तर मी या चौकीचं पाणी तोडीन!"

"तुम्ही पाणीपुरवठ्यात आहात का?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"तक्रारीच्या खिडकीवर," तोफ म्हणाली आणि जिना उतरू लागली. भावजय तिच्या मागून, चार पायऱ्या अंतर ठेवून, उतरत होती.